संगणकातून फिल्मवर

गडद निळी पार्श्वभूमी, पिवळा मथळा, त्याखाली पांढरी अक्षरे. शाळेच्या पालकसभेपासून कंपनीच्या वार्षिक बैठकीपर्यंत हे दृश्य आपण इतक्यांदा पाहिले आहे, की ते संगणकाबरोबरच जन्माला आले असावे असे वाटते. खरे तर ते फिल्मकडून आले. १९८०च्या दशकात अमेरिकेत जेनिग्राफिक्स नावाची कंपनी मोठ्या उद्योगांना ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाईड बनवून देत असे. मुळात ती जनरल इलेक्ट्रिकचीच एक शाखा. निळ्यातून हळूहळू काळ्यात उतरणारी पार्श्वभूमी हा तिच्या चित्रकारांचा हातखंडा होता, आणि त्यामागे व्यवहार होता. अंधाऱ्या खोलीत पांढराशुभ्र पडदा डोळ्यांवर येतो. फिल्मवरचा प्रत्येक धुळीचा कण आणि ओरखडा त्यावर उठून दिसतो. निळ्यावर हे सगळे झाकले जाते आणि अक्षरे मात्र उजळ राहतात.

त्याच सुमारास रॉबर्ट गास्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांचे सहकारी फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीत पॉवरपॉइंट घडवत होते. एप्रिल १९८७मध्ये आलेली पहिली आवृत्ती फक्त मॅकिन्टॉशवर चालायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका काढून द्यायची. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १.४ कोटी डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत रंग आले आणि रंगांबरोबर ३५ मिलिमीटरची स्लाईड आली. तयार फाइल मोडेमवरून जेनिग्राफिक्सकडे धाडायची, तिथे ती फिल्मवर उतरायची आणि माउंट केलेल्या स्लाईडचा डबा कुरिअरने घरी यायचा. संगणकाची तार थेट व्हिडिओ प्रोजेक्टरला जोडून सादरीकरण करण्याची सोय तिसऱ्या आवृत्तीत, १९९२मध्ये झाली. म्हणजे या सॉफ्टवेअरच्या बाल्यावस्थेत त्याचे रंग श्रोत्यांना दिसायचे ते मुख्यतः फिल्ममधून. ‘स्लाईड साइझ’च्या यादीत ‘३५ मिलिमीटर स्लाईड’ हा पर्याय अजूनही आहे, ११.२५ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच. त्यावर बोट ठेवणारा माणूस आता विरळा.

संगणकातले सादरीकरण फिल्मवर उतरवायला शिकवणारी ही पुस्तिका त्या विरळा माणसासाठी आहे, आणि ती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लिहिली गेली यात मला काही नवल वाटत नाही. या पट्ट्याच्या तोंडाशीच कल्याण आहे. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले आणि त्यांना ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यासमोर धरायची, भिंगातून ती पडद्यावर मोठी करायची आणि सोबत निवेदन, गाणी. रामायणातले प्रसंग असायचे, सर्कसही असायची. एकाहून अधिक कंदील वापरून, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था झटपट बदलून, चित्र हलल्याचा भास ते करून देत. त्यांच्या मुलांनी, विनायक आणि रामचंद्र यांनी, हा खेळ पुढे चालवला. ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र मुंबईत वॉटसन हॉटेलात दिसले ते १८९६ साली. त्याच्या चार वर्षे आधी कल्याणातल्या एका घरात माणसे चौकटीमागून चौकट रंगवत होती. पुढची चौकट कोणती आणि ती किती वेळ ठेवायची हे ठरवत होती. फिल्मची स्लाईड या काचेच्या पट्टीचीच वारस आहे. गास्किन्सना पटवर्धन माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याला माहीत असायला हरकत नव्हती.

संगणकातले सादरीकरण कधीच पुरे होत नाही. बदलापूरहून सकाळची लोकल धरलेला वक्ता दादरपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन दुरुस्त्या करत असतो. कल्याणला आलेख बदलतो, ठाण्याला मथळा, आणि सभागृहात पोहोचल्यावर दोन स्लाईड लपवतो. ही सोय आहे यात वाद नाही. पण या सोयीमुळे निर्णय लांबत राहतात. चाळीस स्लाईड असतात कारण चाळीसातल्या कोणत्या पंधरा लागतात हे कोणी ठरवलेलेच नसते. फिल्म तशी सवलत देत नाही. एका रोलमध्ये छत्तीस चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला पैसे पडतात. धुवून आल्यावर शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती स्लाईड पुन्हा बनवावी लागते. ज्याला आपल्या विषयात काय सांगायचे आहे ते आठवडाभर आधी पक्के करावे लागते, तो निराळ्या तऱ्हेने विचार करतो. या पुस्तिकेतली सगळी तंत्रे मला याच एका कारणासाठी महत्त्वाची वाटतात. जुन्या वस्तूंच्या हौसेला माझा विरोध नाही, पण नुसत्या हौसेसाठी एवढी यातायात करू नये.

या भागात स्लाईडचे खरे गिऱ्हाईक कोण, याचा विचार करताना मला दोन जागा आठवतात. पहिली अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेले, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातले हे भूमिज शैलीचे मंदिर वालधुनीच्या काठावर उभे आहे. १८६८ साली मुंबईच्या कला विद्यालयातली मंडळी इथे येऊन शिल्पांचे साचे, रेखाटने आणि छायाचित्रे घेऊन गेली. तेव्हापासून या मंदिराची प्रतिमा घेणे हा एक उद्योगच होऊन बसला आहे. मंदिर समजावून सांगायचे तर एका चित्राने भागत नाही. तलविन्यास एका पडद्यावर आणि त्यातल्या एखाद्या कोनाड्यातले शिल्प शेजारच्या पडद्यावर असे दाखवावे लागते. दोन प्रोजेक्टर शेजारी ठेवून तुलना करण्याची ही रीत कला-इतिहासाच्या वर्गांत युरोपात हाइनरिख वोल्फलिनने रुळवली, आणि मूर्तिशास्त्राच्या व्याख्यानांतून ती आपल्याकडेही आली. अशा व्याख्यानासाठी शिल्पाचा फोटो कॅमेऱ्यातून थेट फिल्मवर येतो. पण तलविन्यास, शिलालेखाचे लिप्यंतर, शिलाहारांची वंशावळ ही चित्रे संगणकावरच काढावी लागतात. ती फिल्मवर कशी न्यायची, हाच या पुस्तिकेचा विषय.

दुसरी जागा वांगणी. बदलापूरच्या पुढचे स्थानक. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन वर्षानुवर्षे इथे होत आले, कारण शहराच्या उजेडापासून लोकलने पोहोचता येईल असा काळोख इथे सापडायचा. आकाशाची चित्रे फिल्मवर किती वेगळी दिसतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. डिजिटल प्रोजेक्टरचा काळा रंग हा खरा काळा नसतो. दिव्याचा उजेड थोडा तरी झिरपतो आणि पडदा राखाडी होतो. स्लाईडच्या फिल्ममधला गडद भाग प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ काळ्यावर उमटलेला पाहायचा तर फिल्मला अजूनही तोड नाही. अर्थात प्रोजेक्टरचा दिवा लागला की अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, म्हणून स्लाईड-शो आधी आणि आकाश नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

आता यंत्राविषयी. संगणकातले चित्र फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्राला फिल्म रेकॉर्डर म्हणत. पोलरॉइड, अ‍ॅग्फा मॅट्रिक्स, लेझरग्राफिक्स ही त्यातली गाजलेली नावे. बंद पेटीत एका टोकाला एक लहानशी, अत्यंत बारीक रेघ काढू शकणारी कृष्णधवल चित्रनलिका आणि दुसऱ्या टोकाला तिच्यावर रोखलेला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा. मध्ये फिरणाऱ्या चकतीवर लाल, हिरवी आणि निळी अशा तीन काचा. आधी चित्रातला लाल भाग नळीवर रेघ-रेघ करून उमटतो आणि लाल काचेतून फिल्मवर पडतो, मग हिरवा, मग निळा. कॅमेऱ्याचे शटर तोपर्यंत उघडेच असते आणि फिल्म तसूभर हललेली चालत नाही. एका चौकटीला एक मिनिट लागे, दाट चित्र असेल तर कितीतरी जास्त. ‘फोर-के’ हा शब्द आता दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यावर छापलेला असतो. या धंद्यात त्याचा अर्थ एका आडव्या रेघेत ४०९६ बिंदू असा होता आणि तो कित्येक वर्षे आधीपासून रूढ होता. ३६ मिलिमीटरमध्ये ४०९६ बिंदू म्हणजे दर मिलिमीटरला शंभराहून अधिक. प्रत्येक फिल्मच्या स्वभावाप्रमाणे रंग जुळवणारी कोष्टके यंत्रासोबत यायची, आणि फाइल घेऊन स्लाईड करून देणाऱ्या चांगल्या व वाईट ब्युरोंमधला फरक बहुतेक वेळा त्या कोष्टकांच्या निगेत असे.

इथे मराठीपुरते एक खास दुखणे होते आणि ते लिहून ठेवले पाहिजे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या टंकांत टाइप होत असे. त्या टंकांत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी एखादे रोमन चिन्हच असायचे, फक्त टंक त्याला ‘क’चे रूप द्यायचा. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो टंक नसला, की सबंध व्याख्यानाचे रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचे कडबोळे होई. माझ्या ओळखीचे अंबरनाथचे एक प्राध्यापक शिलाहारांवरच्या व्याख्यानाची फ्लॉपी घेऊन मुंबईतल्या एका स्लाईड-ब्युरोत गेले. पाच दिवसांनी परत आलेल्या स्लाईडपैकी पहिलीवर मामवाणीच्या जागी जे काही उमटले होते, ते वाचायला ब्राह्मी शिकून उपयोग नव्हता. ब्युरोने यंत्राला दोष दिला, प्राध्यापकांनी ब्युरोला. पैसे मात्र प्राध्यापकांचे गेले.

युनिकोडने ते कडबोळे संपवले, पण दुखणे पुरते गेले असे समजू नये. जोडाक्षरांची जुळणी सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे आजही बदलू शकते. म्हणूनच या पुस्तिकेतला पहिला ठाम सल्ला मला पूर्ण पटला : मजकूर मजकूर म्हणून पुढे पाठवू नका. प्रत्येक स्लाईडचे चित्र करा, ते डोळ्यांनी वाचून घ्या आणि मगच पुढे जा. चित्र करताना एक गोष्ट पाहावी लागते. पॉवरपॉइंट आपणहून जे चित्र काढून देते ते संगणकाच्या पडद्यापुरते असते, इंचाला ९६ बिंदूंच्या हिशेबाने. तेवढ्यावर फिल्मचे भागत नाही. ११.२५ इंचांचे पान इंचाला ३०० बिंदूंनी काढले तर ३३७५ बाय २२५० बिंदूंचे चित्र मिळते आणि तेवढ्यात शिरोरेषेच्या कडा स्वच्छ येतात. ती सेटिंग कुठे सापडते हे पुस्तिकेत पायरीपायरीने दिले आहे.

फिल्म रेकॉर्डर आता बहुतेक भंगारात किंवा संग्रहालयात. परदेशांत काही सेवा अजून फाइल घेऊन स्लाईड पाठवतात, पण एका व्याख्यानासाठी ते परवडेलच असे नाही. उरतो तो मार्ग पडद्याचाच फोटो काढण्याचा, आणि पुस्तिकेची अधिक पाने त्यावर खर्ची पडली आहेत ते योग्यच झाले. चांगला मॉनिटर, ट्रायपॉड, ९० ते १०० मिलिमीटरचे भिंग, अंधारी खोली. भिंग लांब पल्ल्याचे हवे, कारण आखूड पल्ल्याच्या भिंगाने जवळून काढलेल्या फोटोत चौकटीच्या रेघा बाहेर फुगतात आणि तक्त्याचे रकाने पिंपासारखे दिसू लागतात. कॅमेरा पडद्याला नेमका समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी एक जाळीची स्लाईड करून घ्यावी. मॉनिटर चार हजार बिंदूंच्या घरातला नसेल तर पडद्याचे ठिपके फिल्मवर येतात, आणि मग प्रोजेक्शनमध्ये सगळे चित्र चाळणीतून पाहिल्यासारखे दिसते.

रंगाचे गणित थोडे त्रासदायक आहे. बहुतेक मॉनिटरचा पांढरा रंग ६५०० केल्विनला लावलेला असतो आणि दिवसाच्या उजेडाची स्लाईड-फिल्म ५५०० केल्विनला. हा फरक डोळ्याला कळत नाही, फिल्मला कळतो, आणि सगळी चित्रे निळसर येतात. मॉनिटरवर ५५०० निवडता येत असेल तर निवडावे. दुसरी अडचण एक्स्पोजरची. निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉपची चूक पोटात घालते, कारण प्रिंट काढताना ती सुधारता येते. स्लाईडमध्ये प्रिंट नाही. जे कॅमेऱ्यातून गेले तेच पडद्यावर दिसणार. अर्ध्या स्टॉपने पांढरी पार्श्वभूमी कोरी होते किंवा निळी पार्श्वभूमी काळी पडते. आणि कॅमेऱ्याच्या मीटरवर निळ्या स्लाईडसाठी जेवढा भरवसा ठेवावा तेवढाच पांढरीसाठी, म्हणजे शून्य. तो सगळ्यालाच करडे समजून चालतो. म्हणून करड्या रंगाची एक स्लाईड करायची, लाल-हिरवा-निळा तिन्हींचे मूल्य ११८ ठेवून, आणि मोजमाप फक्त तिच्यावर घ्यायचे. शंभर आयएसओची फिल्म आणि भिंग एफ/८ला असेल तर नेहमीच्या उजळपणाच्या मॉनिटरवर हिशेब साधारण पाव ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. तरीही एक कमी आणि एक जास्त अशी प्रत्येकी आणखी चौकट घ्यावी. छत्तीसच्या रोलमध्ये मग बाराच स्लाईड बसतात. बारा स्लाईडमध्ये सांगता येणार नाही असे व्याख्यान मी क्वचितच ऐकले आहे.

अक्षरांविषयी पुस्तिका फार संयमाने बोलते. मी थोडे कडक बोलतो. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार आहेत, त्यामुळे इंग्रजीसाठी घडवलेल्या साच्यात मराठी ओळी एकमेकींवर चढतात. ओळींतले अंतर साच्यापेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने वाढवावे. बारीक रेषेचे टंक पडद्यावर सुंदर दिसतात, पण फिल्मवर त्यांची शिरोरेषा तुटते. हाताच्या अंतरावर उजेडाकडे धरलेली स्लाईड भिंगाशिवाय वाचता आली, तर ती शेवटच्या रांगेतही वाचता येते, ही जुन्या व्याख्यात्यांची कसोटी मराठीलाही लागू आहे. आणि कडेला जागा सोडावी. फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते, पण माउंटची खिडकी त्याहून थोडी लहान असते. कडेला चिकटवलेला पान-क्रमांक, संस्थेचे बोधचिन्ह, प्रायोजकाचे नाव हे सगळे माउंटखाली जाते. प्रायोजकाचे नाव गेले तर कुणाचे बिघडत नाही, पण आलेखाचा अक्ष गेला तर बिघडते. सध्याचे १६:९चे सादरीकरण तसेच्या तसे उतरवले तर वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात आणि आधीच लहान असलेल्या फिल्मचा काही भाग वाया जातो.

मग धुणे. स्लाईड-फिल्म ई-६ पद्धतीने धुतात आणि ते धुणाऱ्या लॅब आता देशातच फार थोड्या आहेत. काही हौशी मंडळी घरी किट आणून धुतात. त्यात नेमके काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला सुमारे सहा मिनिटे चालतो. ज्या ठिकाणी प्रकाश पडला तिथे तो धातूरूप चांदीचे उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, बनवतो. त्यानंतर उलटवणाऱ्या रसायनाने उरलेल्या भागाला डेव्हलप होण्याजोगे केले जाते आणि रंगीत डेव्हलपर त्या भागात रंगद्रव्ये बसवतो. शेवटी ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळीच चांदी काढून टाकतात. तयार स्लाईडमध्ये चांदीचा कणही राहत नाही, फक्त तीन रंगांचे थर. तापमान अर्ध्या अंशाने सरकले तरी रंग सरकतात. उन्हाळ्यात बदलापुरातल्या नळाचे पाणी आपणहून पस्तिशीच्या पुढे असते हा त्यातल्या त्यात दिलासा.

पण ती काढून टाकलेली चांदी जाते कुठे? वापरलेल्या फिक्सरमध्ये. ब्लीचमध्ये लोहाची संयुगे असतात आणि रंगीत डेव्हलपरमध्ये कातडीला त्रास देणारे द्रव्य. हे मोरीत ओतायचे नसते हे कुठेही सांगावे लागते, पण या पट्ट्यात जास्त जोराने सांगावे लागते. शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाऊन उल्हासला मिळते आणि या वाटेवर तिच्यात काय-काय सोडले गेले आहे याच्या कथा इथल्या प्रत्येक घरात आहेत. २०१४ साली तर वालधुनीत सोडलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूमुळे उल्हासनगरातल्या अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. घरगुती फोटोग्राफीच्या दोन लिटर फिक्सरची त्या कारखान्यांशी तुलना होत नाही, हे मान्य. पण ‘माझे एवढेसेच’ असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये. वापरलेला फिक्सर वेगळ्या कॅनमध्ये साठवावा. चांदी काढून घेणारे धंदेवाईक असतात आणि फिक्सरची त्यांना किंमत असते. उरलेले द्राव अशाच लॅबकडे द्यावेत जिची विल्हेवाटीची व्यवस्था आहे. ही पुस्तिका घरी धुण्याची कृती देते, पण विल्हेवाट नक्की ठरल्याशिवाय रसायन विकत घेऊ नका, असे मी वाचकाला इथेच सांगतो.

माउंट केलेली स्लाईड प्रोजेक्टरमध्ये आठ प्रकारे घालता येते आणि त्यांतले सात प्रकार चुकीचे आहेत. ज्यांनी व्याख्यान ऐकले आहे त्यांना हे माहीत आहे. स्लाईड हातात सरळ धरून, मजकूर वाचता येईल अशी, तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका काढावा. ट्रेमध्ये ठेवताना ती उलटी करावी, म्हणजे ठिपका वर उजवीकडे येतो आणि अंगठा बरोबर त्यावर पडतो. कोडॅकच्या कॅरोसेल प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये अशा ऐंशी स्लाईड बसतात. कोडॅकने हा प्रोजेक्टर बनवणे २००४मध्ये थांबवले, तेव्हा जुना घेताना दिवा आणि ट्रे मिळतो की नाही ते आधी पाहावे. उल्हासनगरच्या बाजाराची ख्याती मी ऐकून आहे : नमुना दाखवला की तसाच भाग घडवून मिळतो. प्रोजेक्टरच्या फिरत्या चक्रासाठी हा मार्ग अवलंबला तर हरकत नाही, पण भिंगासाठी नको.

जपणुकीचा विषय पुस्तिकेत शेवटी आला आहे, मला तो आधी हवा होता. आपल्या इथे फिल्मचे शत्रू दोन : दमटपणा आणि पाणी. फिल्मचा आधार बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. लाकडाच्या लगद्यातले हेच सेल्युलोज वापरून शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये धागा निघतो, त्यामुळे ही वस्तू या भागाला परकी नाही. उष्णता आणि दमटपणा लांबला की अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागते आणि डब्याला व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला की तो डबा ताबडतोब इतरांपासून वेगळा करावा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. बुरशी तर जिलेटिनच्या थरावर पावसाळाभर वाढत असते. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उघडून पाहण्याची सवय याखेरीज स्वस्त उपाय नाही.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. २६ जुलै २००५च्या पुरात बदलापुरातल्या तळमजल्यांवरची कागदपत्रे आणि फोटोंचे अल्बम किती घरांतून गेले हे सांगायला नको. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते तर सगळ्या देशाने पाहिले. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्याने स्लाईडचा डबा खालच्या कपाटात ठेवू नये, एवढे या दोन तारखांवरून समजावे. आणि तरीही भिजल्याच, तर घाबरून त्या एकावर एक ठेवून वाळवू नयेत. ओले जिलेटिन वाळताना चिकटते आणि मग सुटत नाही. काचेचे माउंट असेल तर फिल्म त्यातून आधी सोडवून घ्यावी, स्वच्छ थंड पाण्यात एकेक करून हळू हलवत गाळ काढावा, फडक्याने पुसू नये आणि दोरीवर चिमटा लावून धुळीपासून दूर वाळत घालावी. गरम पाण्याने भिजलेले जिलेटिन आणखी मऊ पडते. एकाच दिवशी हे सगळे होणे शक्य नसेल तर उरलेल्या स्लाईड कोरड्या होऊ न देता थंड पाण्यातच ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी हाती घ्याव्यात.

पहिल्या रोलसाठी एक सूचना. त्यावर आपले सगळ्यात महत्त्वाचे व्याख्यान उतरवू नका. करडी स्लाईड, जाळीची स्लाईड, तुमच्या नेहमीच्या टंकात लिहिलेली बारा, सोळा, वीस, चोवीस पॉइंटची एक ओळ, निळ्यावर पांढरी आणि पांढऱ्यावर काळी, यांवर तो खर्च करा. प्रत्येक चौकटीचे एक्स्पोजर वहीत टिपून ठेवा. स्लाईड धुवून आल्या की मॉनिटरवरचे मूळ चित्र शेजारी उघडून त्या उजेडाच्या पेटीवर मांडा. तुमच्या मॉनिटरला आणि तुमच्या लॅबला कोणता आकडा मानवतो हे त्यातून कळेल, आणि तो आकडा या पुस्तिकेत सापडणार नाही.